दुर्बिणीची पाळी

वाचकांचे प्रश्न : खगोलशास्त्र

गेल्या अंकात नारायणगावजवळच्या खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीविषयी, म्हणजेच जीएमआरटीविषयी, एक छोटे टिपण आले होते. ‘या दुर्बिणीचा वेळ मिळणे सोपे नसते’ असे एक वाक्य त्यात ओझरते येऊन गेले आणि आलेल्या बहुतेक पत्रांनी नेमके तेच वाक्य धरून ठेवले. म्हणून या वेळचे सदर पूर्णपणे वेळेच्या वाटपाला आणि उपकरणांच्या उपलब्धतेला दिले आहे.

प्रश्न : खोडदच्या रस्त्याने जाता-येता त्या प्रचंड तबकड्या दिसतात. कधी सगळ्या एकाच दिशेला वळलेल्या असतात, तर कधी दोन-चार तबकड्या आभाळाकडे तोंड करून स्वस्थ उभ्या असतात. एवढी मोलाची यंत्रे रिकामी का ठेवतात? आमची थोडी शेती कुकडीच्या कालव्यावर आहे. आवर्तनाआधी आम्हांला नमुना सातचा पाणी-मागणी अर्ज भरावा लागतो. तशी काही पद्धत तेथे आहे काय? (एक निवृत्त शिक्षक, जुन्नर तालुका)

उत्तर : आपली उपमा मला इतकी चपखल वाटली, की पुढच्या उत्तरांतही मी ती वापरणार आहे. होय, तेथेही हंगाम ठरलेले आहेत, मागणी-अर्ज आहेत, वाटप करणारी समिती आहे आणि मागणी नेहमीच पुरवठ्याहून जास्त आहे.

आधी तबकड्यांचे पाहू. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या एकूण ३० तबकड्या आहेत. त्यांतील १४ खोडदच्या मध्यवर्ती भागात साधारण एक किलोमीटरच्या परिसरात आहेत आणि उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात तीन दिशांना पसरल्या आहेत, त्यामुळे टोकाच्या दोन तबकड्यांमधले अंतर सुमारे २५ किलोमीटर भरते. आपण रस्त्यावरून पाहता तो या दुर्बिणीचा एक तुकडा असतो, संपूर्ण दुर्बीण एका नजरेत मावत नाही.

आभाळाकडे तोंड करून उभी असलेली तबकडी तीन कारणांनी तशी असू शकते. वारा ताशी साधारण ४० किलोमीटरच्या पुढे जाऊ लागला, की तबकड्या खस्वस्तिकाकडे, म्हणजे थेट डोक्यावरच्या बिंदूकडे, वळवून कुलूपबंद केल्या जातात, कारण त्या अवस्थेत वाऱ्याचा जोर त्यांच्यावर सर्वांत कमी पडतो. असे असेल तर सगळ्याच तबकड्या एकदम उभ्या दिसतील. दोन-चारच उभ्या असतील, तर बहुधा देखभाल चालू असते : मोटारी, गिअर, केबली, रंगकाम, लहरी टिपणाऱ्या ग्राहक यंत्रणेची दुरुस्ती. तीस तबकड्यांच्या कुटुंबात कोणी ना कोणी आजारी असणारच आणि ते गृहीत धरूनच नियोजन होते. तिसरे कारण मात्र सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. खोडदचा अक्षांश सुमारे १९ अंश उत्तर आहे, त्यामुळे आकाशातील जे पदार्थ जवळपास तेवढ्याच क्रांतीवर, म्हणजे आकाशाच्या विषुववृत्तापासून तेवढ्याच अंशांवर आहेत, ते याम्योत्तर, म्हणजे आकाशाची उत्तर-दक्षिण मध्यरेषा, ओलांडताना जवळजवळ डोक्यावर येतात. वृषभ राशीतील क्रॅब अभ्रिकेची क्रांती सुमारे २२ अंश आहे, म्हणून तिचे वेध चालू असताना तबकड्या काही काळ सरळ वर पाहत उभ्या असल्यासारख्याच दिसतील. रिकामी वाटलेली तबकडी त्या क्षणी भर कामात असू शकते.

अर्ध्या तबकड्या एका दिशेला आणि अर्ध्या दुसरीकडे दिसल्या, तर त्यालाही कारण आहे. गरजेप्रमाणे या समूहाचे उपसमूह पाडता येतात आणि एक गट एका पदार्थाकडे, तर दुसरा गट वेगळ्याच पदार्थाकडे किंवा वेगळ्याच कंप्रतेवर (फ्रिक्वेन्सीवर) लावता येतो. रेडिओ लहरींना उजेडाचे वावडे नसल्यामुळे हे काम दिवसाही चालते.

प्रश्न : मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करीत आहे. माझ्यासारख्या विद्यार्थिनीला मोठ्या दुर्बिणीचा वेळ मागता येतो काय? अर्जात नेमके काय लिहावे लागते आणि कशावरून तो नाकारला जातो? (एक विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : मागता येतो, आणि मार्गदर्शकांना बरोबर घेऊन मागावा. जीएमआरटी २००२ पासून जगभरच्या संशोधकांना खुली आहे. ती पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राकडून, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या एका केंद्राकडून चालवली जाते, पण तिच्या वेळेवर त्या केंद्राचीच मालकी आहे असे नाही. वर्षाचे दोन हंगाम असतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. पहिल्यासाठी जानेवारीत आणि दुसऱ्यासाठी जुलैत अर्ज मागवले जातात. अर्ज बाहेरच्या तज्ज्ञांकडे परीक्षणासाठी जातात आणि त्यांच्या अभिप्रायांसह वेळवाटप समितीपुढे येतात.

सहा महिन्यांत एकूण चार हजार तीनशेहून थोडे अधिक तास असतात. त्यांतून देखभालीचे, चाचण्यांचे आणि राखीव तास वजा केले, की वाटपाला उरलेल्या तासांच्या सुमारे दुप्पट किंवा त्याहून अधिक तासांची मागणी समोर असते. अवकाशातल्या दुर्बिणींची गर्दी तर याहून मोठी आहे. जेम्स वेब दुर्बिणीच्या चौथ्या फेरीसाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये २,३७७ प्रस्ताव आले. त्यांत मिळून सुमारे ७८ हजार तास मागितले होते आणि ही मागणी उपलब्ध वेळेच्या सुमारे नऊपट होती. म्हणून अर्ज नाकारला गेला म्हणजे विचार वाईट होता, असा अर्थ काढू नये.

अर्जाचे दोन भाग मानावेत. पहिल्या भागात प्रश्न असतो : आपल्याला काय जाणून घ्यायचे आहे आणि ते आजवर का कळलेले नाही. दुसऱ्या भागात हिशेब असतो. माझ्या पाहण्यात चांगले प्रश्न असलेले अनेक अर्ज याच दुसऱ्या भागात अडखळले आहेत, म्हणून त्याच्याविषयी सविस्तर लिहितो.

हिशेबाची सुरुवात कंप्रतेपासून होते. अद्ययावत केलेल्या जीएमआरटीवर साधारण १२० ते १,४५० मेगाहर्ट्झपर्यंतचा प्रदेश मधल्या काही फटी सोडून चार पट्ट्यांत विभागलेला आहे, त्यांना दुसरा ते पाचवा असे क्रमांक आहेत. तबकडीच्या नाभीपाशी, म्हणजे लहरी जेथे एकवटतात तेथे, एक फिरती चौकट असून तिच्या चार बाजूंवर चार पट्ट्यांची ग्राहके बसवलेली आहेत. एका वेळी एकच बाजू तबकडीकडे वळवता येते. याचा अर्थ असा, की एकाच तबकडीवर दोन पट्टे एकाच क्षणी मागणारा अर्ज मुळातच अशक्य गोष्ट मागतो. ‘दोन्ही पट्ट्यांतील मोजमापे एकाच वेळची हवीत’ असा विज्ञानाचा आग्रह असेल, तर उपसमूह पाडण्याची मागणी करावी लागते आणि प्रत्येक गटात तबकड्या कमी झाल्याने घटणारी संवेदनक्षमता आपल्या हिशेबात धरावी लागते.

नंतर तासांचा प्रश्न येतो. आकाशातील मंद उगम टिपण्यासाठी पार्श्वभूमीचा गोंगाट कमी करावा लागतो आणि तो वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणातच कमी होतो. गोंगाट निम्मा करायचा असेल तर वेळ दुप्पट देऊन भागत नाही, चौपट द्यावा लागतो. नवशिके अर्जदार येथेच चुकतात : ‘दहा तासांत दिसले नाही तर वीस तासांत दिसेल’ हे वाक्य फारच थोड्या परिस्थितींत खरे ठरते. तबकड्यांची अनुपस्थितीही याच हिशेबात येते. तीसपैकी चार तबकड्या देखभालीत असतील आणि २६च हाती असतील, तर तीसांनी गाठलेली खोली गाठायला सुमारे एक-तृतीयांश वेळ जास्त लागतो. ‘सर्व ३० तबकड्या मिळतील’ असे धरून केलेला हिशेब परीक्षकाच्या नजरेतून सुटत नाही. कोणत्या तबकड्या नाहीत हेही महत्त्वाचे असते. मध्यवर्ती चौकातील एखादी नसली तर पसरट, धूसर उगमांचे नुकसान होते, टोकाची नसली तर बारीक तपशील हरवतो.

त्याशिवाय अंशशोधनाचा, म्हणजे मोजमाप ताडून घेण्याचा, वेळ असतो. ज्यांची तेजस्विता चांगली माहीत आहे असे ३सी४८, ३सी१४७, ३सी२८६ यांसारखे उगम सुरुवातीला किंवा शेवटी पाहावे लागतात, आणि आपल्या लक्ष्याच्या जवळचा एखादा उगम दर अर्ध्या तासाच्या आसपास पुन्हा पुन्हा पाहावा लागतो. पाच तास मिळाले, तर लक्ष्यावर चारच तास पडतील असे समजून चालावे. शेतावर पाणी पोहोचेपर्यंत चारीत जे मुरते, त्याची तक्रार करता येत नाही, ते मागणीतच धरावे लागते.

शेवटचा सल्ला व्यवहाराचा आहे. कमी तास मागितले की अर्ज सहज मंजूर होतो, ही समजूत चुकीची आहे. पुरेसे तास न मागितल्यामुळे काहीच हाती लागणार नाही असे दिसले, तर समिती तो वेळ वायाच गेला असे धरते आणि दुसऱ्याला देते.

प्रश्न : मी रेल्वेत वेळापत्रकाच्या कामात आयुष्य घालवले. गाड्या जशा ठरलेल्या वेळी सुटतात तशी निरीक्षणे का ठरवता येत नाहीत? ‘दर मंगळवारी रात्री दहाला अमुक गटाची पाळी’ असे एकदाच लिहून टाकले तर काय बिघडेल? (एक वाचक, भुसावळ)

उत्तर : आपल्या गाड्या घड्याळाप्रमाणे धावतात, तारे मात्र दुसऱ्याच घड्याळाप्रमाणे धावतात आणि ते घड्याळ आपल्या घड्याळापेक्षा रोज सुमारे चार मिनिटे पुढे जाते. अचूक आकडा ३ मिनिटे ५६ सेकंदांचा आहे. पृथ्वी स्वतःभोवती फिरता फिरता सूर्याभोवतीही पुढे सरकत असल्यामुळे ताऱ्यांच्या संदर्भात तिची एक फेरी चोवीस तासांपूर्वीच पूर्ण होते. आज रात्री दहाला जो तारा याम्योत्तरावर आहे तो महिन्याने आठलाच तेथे येईल आणि सहा महिन्यांनी सकाळी दहाला. ‘दर मंगळवारी रात्री दहा’ अशी पाळी बांधून दिली, तर त्या गटाचा पदार्थ तीन-चार महिन्यांत त्यांच्या पाळीतून निघून मावळून जाईल.

म्हणून वेधशाळेतील वेळापत्रक नाक्षत्र वेळेत मांडले जाते. अर्जदाराने ‘मला अमुक नाक्षत्र तासांपासून अमुक तासांपर्यंत वेळ हवा’ असे सांगायचे आणि ते तास कोणत्या तारखेला दिवसाच्या कोणत्या प्रहरी पडतात ते वेळापत्रक करणाऱ्याने पाहायचे. आता पदार्थ किती वेळ दिसतो ते पाहू. जीएमआरटीच्या तबकड्या क्षितिजापासून सुमारे १७ अंशांच्या खाली झुकत नाहीत. त्या मर्यादेत, आकाशगंगेचे केंद्र, ज्याची क्रांती उणे २९ अंश आहे, खोडदवरून दिवसातून साडेसात तासांच्या आसपासच मिळते. उत्तरेकडचा, ५९ अंश क्रांतीच्या आसपासचा शर्मिष्ठा-अ हा उगम मात्र बारा तासांच्या जवळपास मिळतो. उणे ५३ अंशांच्या दक्षिणेकडचे काही मिळतच नाही. तेव्हा आकाशगंगेच्या केंद्राचे दहा तास एका सलग पाळीत कोणीच देऊ शकत नाही. ते दोन किंवा तीन दिवसांत तोडून द्यावे लागतात.

खरी चढाओढ यातूनच जन्म घेते. सगळे नाक्षत्र तास सारखे मागितले जात नाहीत. आकाशात जेथे अनेकांना रस असलेले पदार्थ दाटीने आहेत, तेथील तासांना गर्दी होते, तर काही तास तुलनेने मोकळे राहतात. त्यात रात्रीचा आग्रह भर घालतो. रेडिओ दुर्बीण दिवसा चालते हे वर सांगितलेच, तरी कमी कंप्रतेवर काम करणाऱ्यांना रात्र आवडते. दिवसा सूर्य स्वतःच एक प्रचंड रेडिओ उगम असतो आणि आयनांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, हेही अधिक अस्वस्थ असते, शिवाय माणसांनी केलेला रेडिओ गोंगाटही रात्री थोडा शांत होतो. तरीही रात्र निर्धोक नसते. खोडद हे भूचुंबकीय विषुववृत्तापासून फार दूर नसल्यामुळे संपाताच्या महिन्यांत, म्हणजे मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, सूर्यास्तापासून मध्यरात्रीपर्यंत आयनांबरातील उलथापालथीमुळे उगम लुकलुकू लागतात. पट्टी शांत पाण्यात धरली आणि पाणीच हलू लागले, तर मोजमाप जसे डळमळते तसे ते होते.

आता वेळापत्रक करणाऱ्याच्या जागी बसून पाहा. एका गटाला तिसरा पट्टा आणि रात्र हवी, दुसऱ्याला पाचवा पट्टा हवा, पण दिवस चालेल, तिसऱ्याला एका स्पंदकाकडे (पल्सारकडे) दर पंधरवड्याला तासभर पाहायचे आहे आणि तारखा मागेपुढे झाल्या तर त्याचे गणित बिघडते, चौथ्याला निरीक्षण त्याच दिवशी करायचे आहे ज्या दिवशी एखादी अवकाश दुर्बीणही तोच पदार्थ पाहणार आहे. पट्टा बदलायचा म्हणजे नाभीपाशीची चौकट फिरवायची, यंत्रणा नव्याने लावायची आणि पुन्हा अंशशोधन करायचे. म्हणून शक्य तेथे एकाच पट्ट्याची कामे पाठोपाठ लावली जातात. आपण मालगाड्यांना मधल्या वेळेत मार्ग देत असालच, त्याचप्रमाणे ‘कोणतेही तास चालतील’ असे सांगणारे लवचीक प्रस्ताव येथे फटींमध्ये बसतात आणि अनेकदा प्रतिष्ठित, पण ताठर प्रस्तावांच्या आधी पूर्णही होतात.

रेल्वेचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, की पुणे-नाशिक द्रुतगती रेल्वेचा पूर्वी आखलेला मार्ग या दुर्बिणीच्या परिसरातून जात होता आणि रेडिओ गोंगाटाच्या भीतीने त्या आखणीचा फेरविचार करावा लागला. वेळापत्रक कितीही सुरेख केले, तरी आकाश शांत नसेल तर त्या तासांचा उपयोग नसतो.

प्रश्न : मी मूळची सोलापूरची, सध्या म्युनिकजवळ राहते. येथून जवळच गार्खिंगला युरोपीय दक्षिण वेधशाळेचे मुख्यालय आहे. तेथील एका व्याख्यानात ‘उपकरण दुर्बिणीवर आहे, पण या आठवड्यात उपलब्ध नाही’ असे ऐकले. बसवलेले उपकरण उपलब्ध नसते म्हणजे काय? (एक वाचक, जर्मनी)

उत्तर : हे वाक्य चिलीतील पारानाल पर्वतावरच्या दुर्बिणींना उद्देशून असावे, कारण तेथे हा प्रसंग नेहमीचा आहे. २,६३५ मीटर उंचीच्या त्या शिखरावर प्रत्येकी ८.२ मीटर व्यासाच्या चार दुर्बिणी आहेत. स्थानिक मापुचे भाषेतील शब्दांवरून त्यांना आंतू, कुयेन, मेलिपाल आणि येपुन अशी नावे दिली आहेत. प्रत्येक दुर्बिणीवर उपकरणे बसवण्याच्या तीन जागा आहेत : दोन बाजूंना दोन आणि मुख्य आरशाच्या मागे एक. येपुनवर म्यूझ, हॉक-आय आणि एरिस अशी तीन उपकरणे आहेत. तिन्ही एकाच वेळी जोडलेली असली, तरी आरशाने गोळा केलेला प्रकाश एका क्षणी एकालाच देता येतो. तिसऱ्या आरशाची दिशा बदलून रात्रीतच एका उपकरणावरून दुसऱ्यावर जाता येते. ही मोठी सोय आहे, कारण हवा उत्तम झाली तर बारीक तपशील टिपणारे उपकरण लावायचे आणि ती बिघडली तर जाडेभरडे काम उरकायचे, असे करता येते.

तरीही एखादे उपकरण आठवडाभर उपलब्ध नसते, त्याची कारणे अनेक आहेत. अवरक्त उपकरणे अतिशय थंड ठेवावी लागतात. दुरुस्तीसाठी ती उघडायची तर आधी हळूहळू गरम करावी लागतात आणि मग पुन्हा थंड करावी लागतात, आणि यातच कित्येक दिवस जातात. मुख्य आरशावरचा ॲल्युमिनियमचा थर साधारण दीड-दोन वर्षांनी नव्याने चढवावा लागतो. तोवर ती संपूर्ण दुर्बीणच बंद असते, मग तिच्यावरची तिन्ही उपकरणे ठणठणीत का असेनात. त्यातही सर्वांत मोठे कारण म्हणजे व्यतिकरणमापन. वर्षातून ठरावीक रात्री चारही दुर्बिणींचा प्रकाश एकत्र आणून त्या एका महाकाय दुर्बिणीसारख्या वापरल्या जातात, आणि त्या रात्री कोणत्याही दुर्बिणीवरचे स्वतःचे उपकरण कोणालाही मिळत नाही. या रात्री सहसा पौर्णिमेच्या आसपास ठेवल्या जातात, कारण अवरक्तात काम करणाऱ्यांना चांदण्याचा त्रास कमी होतो आणि अमावास्येच्या काळोख्या रात्री मंद दीर्घिकांच्या अभ्यासकांसाठी मोकळ्या राहतात.

काही वेळा निसर्गच तारीख ठरवून देतो. आकाशगंगेच्या केंद्रातील कृष्णविवराभोवती सुमारे सोळा वर्षांत एक फेरी घालणारा एस-२ हा तारा मे २०१८ मध्ये विवराच्या सर्वांत जवळ आला. त्या दिवसांत ग्रॅव्हिटी हे चारही दुर्बिणी जोडणारे उपकरण बंद राहिले असते, तर पुढच्या संधीसाठी २०३४ ची वाट पाहावी लागली असती. अशा कामासाठी महिनोन्महिने आधी उपकरणाची देखभाल उरकून ठेवतात आणि नंतरच बाकीचे वेळापत्रक त्याभोवती विणतात.

लेसरची गोष्ट तर गमतीची आहे. येपुनवरून वातावरणातील सोडियमच्या थरावर नारिंगी लेसर सोडून कृत्रिम तारे तयार केले जातात. त्या किरणांची वाट शेजारच्या दुर्बिणीच्या दृष्टिक्षेत्रातून जाऊ नये म्हणून तेथे लेसरांच्या वाहतुकीचे नियंत्रण करणारी संगणकप्रणाली आहे. दोन भाऊ एकाच अंगणात राहू लागले, की पन्हाळीचे पाणी कोणाच्या दारात पडते यावरूनही बोलणी करावी लागतात, त्यातलाच हा प्रकार.

पारानालला निरीक्षणाच्या दोन पद्धती चालतात. एका पद्धतीत संशोधक स्वतः जातो, त्याला ठरावीक रात्री मिळतात आणि आभाळ आले तर त्या गेल्या. दुसऱ्या पद्धतीत तो आपले काम तासाभराच्या आतल्या तुकड्यांत बांधून, प्रत्येक तुकड्याला हवी असलेली हवेची स्थिरता, चंद्राचे अंतर आणि आकाशाची पारदर्शकता नमूद करून पाठवून देतो, आणि वेधशाळेतील खगोलशास्त्रज्ञ त्या अटी जुळतील त्या रात्री ते तुकडे पार पाडतात. माझे स्वतःचे मत दुसऱ्या पद्धतीच्या बाजूने आहे. तथापि पहिल्या पद्धतीत तरुण संशोधकाला दुर्बिणीशी जी जवळीक मिळते तिला तोड नाही, हेही मान्य करावे लागते.

प्रश्न : आमच्याकडे जूनपासून आभाळ दिसतच नाही. पावसाळ्यात भारतातील दुर्बिणी काय करतात? आणि पावसाने बुडालेला वेळ पुढे भरून मिळतो काय? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : प्रकाशाच्या दुर्बिणी बंद राहतात. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेची गिरवली येथील दोन मीटर दुर्बीण आणि नैनितालजवळची देवस्थळची ३.६ मीटर दुर्बीण पावसाळ्यात मिटून घेतात आणि आरसे-उपकरणांची मोठी कामे त्याच काळात करून टाकतात. लडाखमधील हान्ले येथे, सुमारे ४,५०० मीटर उंचीवर, मोसमी पावसाचा जोर फारसा पोहोचत नसल्याने तेथील हिमालयीन चंद्रा दुर्बीण पावसाळ्यातही बंगळुरूजवळच्या होसकोटेहून दुरूनच चालवता येते. खोडदच्या रेडिओ तबकड्यांना ढगांचा अडथळा होत नाही, मात्र वादळी वारे आणि विजा यांच्यापुढे त्याही थांबतात. भरपाईचा नियम ढोबळ मानाने असा, की दोष यंत्राचा असेल तर वेधशाळा जमेल तेव्हा भरून देते आणि हवामानाचा असेल तर तो अर्जदाराच्या नशिबाचा भाग मानला जातो.

प्रश्न : सहा महिने आधी अर्ज करायचा, तर अचानक स्फोट पावणाऱ्या ताऱ्याचे काय? तो काही जुलैत अर्ज भरत नाही. (एक वाचक, पणजी)

उत्तर : त्यासाठी दोन दरवाजे उघडे ठेवलेले असतात. काही गट ‘अशी घटना घडली तर आम्हांला इतके तास द्या’ असा सशर्त अर्ज आधीच मंजूर करून घेतात, त्यात पदार्थाचे नाव रिकामे असते. दुसरा दरवाजा वेधशाळेच्या संचालकांच्या राखीव वेळेचा असतो आणि त्यासाठी हंगामाच्या मध्येही अर्ज करता येतो.

याचे ठळक उदाहरण १७ ऑगस्ट २०१७ चे आहे. त्या दिवशी सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षे दूरच्या एनजीसी ४९९३ या दीर्घिकेत दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांत मिसळल्याचा गुरुत्वीय लहरींचा संकेत मिळाला आणि जगभरच्या वेधशाळांची त्या आठवड्याची वेळापत्रके कोलमडली. ती दीर्घिका तेव्हा सूर्याकडे सरकत होती, त्यामुळे काही दिवसांतच प्रकाशाच्या दुर्बिणींना ती दिसेनाशी झाली आणि डिसेंबरपर्यंत दिसली नाही. रेडिओ दुर्बिणींना मात्र ही अडचण नव्हती. सप्टेंबरच्या आरंभी अमेरिकेतील व्हीएलए या रेडिओ दुर्बिणीला तेथून येणारा रेडिओ संकेत सापडला, आणि तो पुढचे काही महिने हळूहळू वाढत गेल्याचे ज्या निरीक्षणांतून दिसले त्यांत खोडदच्या दुर्बिणीचाही वाटा होता.

अशा वेळी ज्याची पाळी काढून घेतली जाते, त्याचे काय? त्याला शक्य तेथे दुसरे तास दिले जातात. पण त्याचे काम ठरावीक तारखेलाच बांधलेले असेल तर ते बुडते. म्हणूनच तारखेला बांधलेल्या मंजूर कामांना धक्का लावण्याआधी वेधशाळा बराच विचार करते आणि मध्येच येणाऱ्याला किती घाईचे कारण आहे ते स्पष्ट लिहून मागते.

प्रश्न : अर्ज न करता, घरबसल्या या दुर्बिणीचा काही लाभ घेता येईल काय? मी संगणक क्षेत्रात नोकरी करतो. (एक वाचक, चिंचवड)

उत्तर : येईल. जीएमआरटीवर घेतलेली निरीक्षणे साधारण अठरा महिने अर्जदाराच्या हक्काची असतात, त्यानंतर ती सर्वांसाठी खुली होतात आणि ऑनलाइन संग्रहातून मागवता येतात. २०१० ते २०१२ या काळात १५० मेगाहर्ट्झवर केलेले आकाशाचे सर्वेक्षण याच मार्गाने खुले झाले. मूळ गटाबाहेरच्या संशोधकांनी ती सगळी सामग्री नव्या पद्धतीने पुन्हा संस्कारित करून २०१६ मध्ये प्रसिद्ध केली, आणि तिच्यातून उणे ५३ अंशांपासून उत्तर ध्रुवापर्यंतच्या आकाशातील सहा लाखांहून अधिक रेडिओ उगमांची यादी तयार झाली. दुसऱ्या कोणी मागितलेल्या तासांत तिसऱ्याच गोष्टी टिपल्या गेलेल्या असतात, कारण तबकडीला आपल्या लक्ष्याभोवतीचे बरेच मोठे आकाशही दिसत असते.

आपण सुरुवात मात्र कच्च्या सामग्रीपासून करू नये, कारण तिच्यातील माणसांनी केलेला गोंगाट निवडून काढण्यातच नवख्याचे महिने जातात. त्या सर्वेक्षणाच्या तयार प्रतिमा फुकट पाहता येतात. एखाद्या ओळखीच्या दीर्घिकेची प्रकाशातील प्रतिमा आणि ही रेडिओ प्रतिमा शेजारी ठेवून पाहावी, आणि ज्या ठिपक्याशेजारी प्रकाशात काहीच दिसत नाही, तो ठिपका वहीत टिपून ठेवावा.